मोज्यातले दोन सेल

प्रिय अभिरामी,

रेडक्रॉसच्या बोटीने हे पत्र निघालं तर महिनाभरात टोरांटोला पोचेल. इथे जाफन्यात साबण दिसून तीन वर्षं झाली. पिकलेल्या ताडफळाच्या गराने धुतलेलं धोतर नेसून मी वर्गात शिरतो, माझ्याआधी माश्या शिरतात. वेढ्याचे प्रकार मी संस्कृतातून पोरांना जन्मभर शिकवले: आधी धान्य तोडावं, मग जळण, मग मन. त्या श्लोकांत इन्सुलिन नाही. शास्त्राची तेवढी प्रगती आता झाली.

अप्पांना या नाकेबंदीचा गर्वच होता. क्षितिजावर लढाऊ बोटी दिसल्या की म्हणायचे, "बघ सोमा, एका म्हाताऱ्याचं साखरेचं पथ्य पाळायला आख्खं आरमार लावलंय सरकारनं!"

अप्पा गेल्याची तार मिळाल्यावर तू लिहिलेलं पत्र वाचलं. तू नीट जेवत नाहीस म्हणे. तू पाठवलेलं औषधाचं पार्सल कोलंबोहून आणणाऱ्या कनकाक्का लष्करी नाक्यावरची हकिकत अजून सांगतात: "मास्तर, इन्सुलिनच्या बाटल्या शिपायानं सोडल्याच होत्या हो! तेवढ्यात मोज्यातून दोन सेल घरंगळले. मला म्हणतो, आजी, बॉम्ब करतेस? म्हटलं, या गुडघ्यांनी? पण मग सगळंच ठेवून घेतलं मेल्यांनी."

त्यानंतर अप्पा बारा दिवस काढू शकले. शेजारच्यांनी आपल्यातली अर्धी बाटली दिली, ती चार दिवस पुरली. शेवटी मी उशाशी सहस्रनाम म्हणत होतो, तर डोळे मिटूनच माझा एक विसर्ग सुधारला त्यांनी.

तू लिहितेस, अप्पांचा रेडिओचा हट्ट पुरवला नसता तर ते वाचले असते, आपणच त्यांना मारलं. अभिरामी, अप्पांनी सेल मागितलेच नव्हते. इथे सायकल उलटी ठेवून, हाताने पेडल फिरवून, डायनामोवर रेडिओ चालवतात. ते काम माझं. तहाच्या बोलण्यांची बातमी येणार होती, आणि माझा खांदा भरून आला होता. बहिणीकडे स्वतःसाठी मागायची लाज वाटली, म्हणून 'अप्पा म्हणतात' असं मीच लिहिलं. मोज्यात लपवायची युक्तीही माझीच. अप्पा जाताना तुझ्यावर रागावले होते, "पोरीला एवढं कळू नये?" म्हणाले. मी उशाशीच होतो. बारा दिवस होते, तरी त्यांना खरं सांगितलं नाही. तुला सांगतो आहे.

जेव बाई.

तुझाच, अजून मोठा भाऊ म्हणवून घेणारा,
सोमास्कंदन