उस्तादांचा वस्तरा आणि माझं पोट

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात केला आहे, तसाच मानून घे. पोटाला टाके आहेत आणि पालथं पडायला सक्त मनाई आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून पायऱ्यांवर रागावतेस का? फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला पहिल्याच वाक्याला अडवतेस आणि पुढचा सगळा फोन तूच बोलतेस. कागदावर ती सोय नाही. तरी एवढं लिहीपर्यंत तुझा आवाज दोनदा ऐकू आलाच.

टाके म्हटल्यावर तू खुर्चीतून उठली असशील. बस खाली. हर्निया होता, ऑपरेशन झालं, आत जाळी बसवली, आज चौथा दिवस. तू मला नर्सिंगच्या शाळेत घातलंस आणि मी तिसऱ्या दिवशी पळालो, त्यानंतरच्या तीन वर्षांत मी कोंबड्यांच्या ट्रकवर होतो, एका सर्कशीत तंबूच्या दोऱ्या ओढल्या (तिथल्या उंटाची गोष्ट फार मजेची आहे, पण ती उंटाच्या तोंडूनच ऐकायला हवी), आणि आता सलूनमध्ये आहे. सलूनच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांची लोखंडी खुर्ची मी एकट्यानं उचलून दाखवली. खुर्ची उचलली गेली, पण तिच्याबरोबर माझ्या पोटातलंही काहीतरी जागेवरून उठलं.

इथल्या सर्जनबाईंनी तारीख दिली आणि सांगितलं, सकाळी साबणानं स्वच्छ आंघोळ करून या, बाकी काही करू नका. हे ‘बाकी काही करू नका’ उस्तादांच्या जिव्हारी लागलं. त्यांच्या सलूनचा माणूस असल्या केसाळ पोटानं ऑपरेशनच्या टेबलावर जाणार, आणि तिथे चार शिकलेली माणसं ते पोट बघणार, म्हणजे दुकानाची अब्रू गेली. आदल्या दुपारी त्यांनी मला खुर्चीत आडवं केलं, गरम पाण्याचा टॉवेल ठेवला, फेस काढला, नवं पातं लावलं आणि वस्तरा तीनदा फिरवला: एकदा सुलटा, एकदा उलटा आणि एकदा केवळ प्रेमापोटी. वर तुरटी. दाढीला आलेली गिऱ्हाइकं आपला नंबर सोडून बघत उभी राहिली. एकानं तर माझ्या चकचकीत पोटात आरशासारखं बघून भांग पाडला.

दुसऱ्या दिवशी सर्जनबाईंनी चादर बाजूला केली आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, उस्ताद बाहेरच बसलेत. उस्ताद कॉलरचं बटण लावून आत आले. त्यांना वाटलं, शाबासकी आहे. बाईंनी त्यांच्या हातात भिंग दिलं. वाकून त्यांनी माझं पोट पाहिलं, मग भिंग पुसून पुन्हा पाहिलं. लाल ठिपके होते, आणि काहींना पांढरी टोकं आली होती. बाई म्हणाल्या, साध्या डोळ्यांना दिसत नाहीत असे ओरखडे पडतात आणि जंतू त्यातच बिऱ्हाड करतात. केस काढायची गरज असली तर आम्ही ऐनवेळी मशीननं काढतो, कातडीला पातं लावत नाही. मग म्हणाल्या, “जाळीला जंतू लागले तर ती काढावी लागेल. याचं पोट मी दुसऱ्यांदा उघडायचं, ते तुमच्या हौसेसाठी?”

तीस वर्षांत उस्तादांना वस्तऱ्यावरून कोणी बोललं नव्हतं. ऑपरेशन आठ दिवस पुढे गेलं. ते आठ दिवस उस्ताद कात्र्या उकळत होते. कंगवेही उकळले, त्यातले दोन वाकडे झाले. मला सिगारेट सोडायला लावली, कारण धुरानं जखम भरायला वेळ लागतो. (मी सिगारेट ओढत नाही हे तुला माहीतच आहे. तर जी मी ओढत नाही, ती सोडली.)

आणि आत्या, त्या आठ दिवसांत मला सारखं आपलं दार आठवत होतं. तू हॉस्पिटलातल्या ड्यूटीवरून यायचीस, चपला बाहेर, थेट मोरीत, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग वाळेपर्यंत दोन्ही हात वर धरून उभी. आई-बाबा गेल्यावर मी तुझ्याकडे आलो तेव्हा पाच वर्षांचा होतो. मी धावत येऊन तुझ्या गुडघ्यांना मिठी मारायचो आणि तू हात वर धरून तशीच. पुष्कळ दिवस मला वाटायचं, तू मला शरण आली आहेस. मी खडीवर पडून गुडघा फोडला आणि तू रागावशील म्हणून जखमेवर पोस्टाचं तिकीट चिकटवलं, तेही आठवलं. तू ते भिजवून सोडवलंस, एकेक खडा धुऊन काढलास आणि हसू येऊ नये म्हणून भिंतीकडे बघत बसलीस. तेव्हा तुझ्या हातांना येणारा औषधी साबणाचा वास मला आवडायचा नाही. इथे ऑपरेशनच्या खोलीत तोच वास आला. सुईची भीती म्हणून डोळे मिटले होते, ते उघडावेसे वाटले.

चीर द्यायच्या आधी शिरेतून जंतूंवरचं एक इंजेक्शन दिलं. नंतर मूठभर गोळ्या गिळण्यापेक्षा वेळेवर दिलेलं एक बरं, असं बाई म्हणाल्या. अंगावर गरम पांघरूण घातलं, कारण गार पडलेल्या माणसाची जखम जास्त चिघळते म्हणे. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर भेटायला येणाऱ्याचे हात बघितल्याशिवाय त्याला माझ्यापर्यंत पोचू देत नाहीत. उस्तादांना त्यांनी काल तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा ते हात वर धरूनच आत आले.

एकूण सगळं उत्तम आहे. काळजी नसावी, यायची तर मुळीच गरज नाही.

तुझा, टाके घालून पुन्हा शिवलेला,
भाचा

ता. क. पाकीट बंद करणार होतो, पण वर एक गोष्ट राहिली. आज सकाळी मी ड्रेसिंगचा कोपरा उचलून आत बघितलं. बोटही लावलं. (हात धुतले होते का हे विचारू नकोस.) एका कडेला लाल आहे आणि हाताला गरम लागतं. कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर पुन्हा उघडतील. काय करू ते उलट टपाली कळव.

आणखी ता. क. उलट टपालाला सहा दिवस लागतील आणि तू काय म्हणशील ते मला शब्दाशब्दानं माहीत आहे, म्हणून सिस्टरना सांगितलं. त्या न रागावता तडक सर्जनबाईंना घेऊन आल्या, त्याचीच जास्त भीती वाटली. सर्जनबाईंनी लालीभोवती पेनानं रेघ काढली. लाली रेघेबाहेर गेली तर टाके सोडून धुवायचं. उस्ताद म्हणाले, बाईंचा हात स्थिर आहे, आमच्या धंद्यात नाव काढलं असतं. मी हसलो नाही. हसलं की पोट हलतं, आणि मला त्या रेघेशी काही गडबड नको होती.

शेवटचा ता. क. पत्र दोन दिवस उशीखालीच राहिलं. लाली रेघेच्या आत बोटभर मागे सरली आहे. सोमवारी सोडतील, पण ज्या घरी ड्रेसिंग बदलणारं जाणतं माणूस असेल त्याच घरी. उस्तादांनी आपलं नाव पुढे केलं. बाईंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी ते मागे घेतलं. मग मी फॉर्मवर तुझा पत्ता दिला. खाली ‘रुग्णाशी नाते’ असा एक रकाना होता. त्यात ‘आई’ लिहिलंय. पेन हातात होतं, खोडता आलं असतं, खोडलं नाही. खात्री करायला ऑफिसातून तुला फोन येईल. हो म्हण.