गाडी मुंबईला रिकामी चालली होती

टोकरखाडा, सिल्वासा
मंगळवार

तीर्थस्वरूप वाल्मिक दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा सुकदेव याचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी इथे बोंबलायचं, तुम्ही तिकडे नुसतं "हॅलो, हॅलो" करायचं आणि मधलं सगळं आमच्या कॉलनीने ऐकायचं. या वेळचं कॉलनीने ऐकण्यासारखं नाही, कारण कॉलनीनेच तर माझी ही गत केली. कारखान्यातल्या नवनाथचा साडू आज अमळनेरला निघालाय, रिकाम्या हाताने चालला होता, म्हटलं निदान पत्र तरी देऊ. तुमचा गुडघा काय म्हणतो? तेल चोळता की नुसतं बाटलीकडे बघता? अक्काने पाठवलेलं लिंबाचं लोणचं पोचलं (अर्धी बरणी; बाकीची अर्धी आणणाऱ्याने वाटेत चाखली असावी, कारण तो माझ्याशी बोलताना सारखा ओठ चाटत होता). इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खुशाल बिशाल काही नाही. मी पार खचलोय, दाजी.

आपली रूपाली जावयांना घेऊन पहिल्यांदा येणार हे तुम्हाला कळवलंच होतं. लग्न तिकडे न्यूझीलंडला झालं, आपण सगळ्यांनी इकडे मोबाइलवर अक्षता टाकल्या, आणि त्यातला एक तांदूळ अजून माझ्या मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात आहे. चेतनराव माणूस गुणी. आईवडील तिकडेच, इकडे त्यांचं म्हणावं असं घर नाही. मग इकडे त्यांचं घर कोणतं? आमचंच ना? मी आपला सरळ माणूस, सरळ हिशोब केला. दिवाळीतच त्यांच्यासाठी जुना संडास फोडून खुर्चीचा बसवून घेतला. पण दुर्गा त्यावरचं प्लास्टिक काढू देईना. आधी जावई, मग आपण, असा तिचा हुकूम. त्या दिवसापासून आम्ही नवरा-बायको रोज सकाळी खालच्या मजल्यावर केसरबाईंकडे जातो. (तुम्ही त्यांना ओळखता. आपल्या पारोळ्याकडच्याच. रूपालीला तान्हेपणी पायावर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या. बाई मोठ्या मनाची, पण रोज सकाळी "आज किती दिवस राहिले हो जावयाले?" म्हणून विचारायची.)

आणि अशात पोरीचा फोन. पप्पा, तुम्ही विमानतळावर यायचं नाही, दगदग करायची नाही, फक्त विमानतळापासून हॉटेलपर्यंत एक प्रायव्हेट गाडी बुक करून ठेवा. हॉटेल! सिल्वासात! ज्या गावात बापाचं घर आहे त्या गावात! मला वाटलं, लाइन खराब आहे. तर नाही. चेतनरावांच्या रात्री-अपरात्री मीटिंगा असतात, तुम्ही आम्हाला खोली देऊन गॅलरीत झोपाल, आई आठ दिवस आधीपासून झोपणार नाही, तुम्हाला उगाच त्रास नको. त्रास! पोर तिकडे जाऊन हा एक शब्द शिकली. अहो, त्रासासाठीच तर आम्ही वाट बघत होतो! आणि हॉटेलंही कसली. तिकडे गुजरातेत दारूबंदी, म्हणून शनिवार-रविवारी सुरत-वापीची माणसं सिल्वासाच्या हॉटेलांत काय करायला येतात ते काय सांगायला हवं? (मागे तुम्हीही एकदा हवापालटासाठी म्हणून आला होतात. अक्काला मी अजून काही बोललेलो नाही.) दुर्गाने धुवून घडी केलेल्या चादरी परत धुवायला काढल्या, एवढंच. मला दुसरं काही नको होतं, दाजी. पोरीने एक रात्र आमच्या छपराखाली काढावी, बास. पण मागून घेतलेल्या मुक्कामाला काय अर्थ? 

मग गाडीच्या मागे लागलो. मोबाइलवर बुक करायला गेलो तर तो विमानाचा नंबर विचारतो, बॅगा किती विचारतो, लहान मूल आहे का विचारतो (मी म्हटलं, अजून नाही, पण तू विचारलंस ते बरं केलंस). दोनदा गाडी मिळाली. दोन्ही वेळा ड्रायव्हरने फोन करून सिल्वासा कुठे आलं ते विचारलं, मी नीट समजावून सांगितलं, आणि दोघांनीही समजल्याबरोबर ट्रिप रद्द केली. शेवटी हात टेकले आणि राखोलीच्या संजूला गाठलं. त्याची सात सीटची गाडी आहे, स्वच्छ, पुढच्या काचेवर त्याच्या आईचं नाव. मी म्हटलं, बाबा, गाडी प्रायव्हेट पाहिजे. तो म्हणाला, "काका, प्रायव्हेटच छे ने, माझी सोताची आहे." मग म्हणाला, भाडं जायचं-यायचं दोन्ही लागेल, कारण जाताना गाडी रिकामी जाणार.

रिकामी! दाजी, हा शब्द त्याने माझ्यासमोर उच्चारायला नको होता. खडोलीच्या सुताच्या कारखान्यात डिस्पॅचला माझी हयात गेली. भरलेला ट्रक काय, कोणीही पाठवील. परतीला रिकामा धावू नये यात डिस्पॅचवाल्याचा कस. भिवंडीला सूत उतरवलं की येताना पुठ्ठे भर, पुठ्ठे नसले तर पिंपं भर, पण भर. साहेब लोक म्हणतात, सुकदेवचा ट्रक हवा घेऊन कधी आला नाही. आणि आता माझ्याच पोरीसाठी सात सीटची गाडी मुंबईपर्यंत हवा घेऊन जाणार?  सकाळी कारखान्याच्या गेटवर चहा पिताना नवनाथला (आमचा लोडिंगचा मुकादम, राहतो आमच्याच बिल्डिंगमध्ये) सहज बोलून गेलो की, काय जमाना आलाय बघ, रविवारी गाडी मुंबईला रिकामी चाललीय. बस्स. एवढंच बोललो. आपल्या माणसांत गाडी रिकामी चाललीय म्हणणं म्हणजे पत्रिका वाटल्यासारखंच, हे माझ्यासारख्या म्हाताऱ्या घोड्याला कळू नये?

संध्याकाळी घरी येतो तो दारात चपला. केसरबाईंना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात डोळे दाखवायचे होते. रमाकांत मास्तर (वरच्या मजल्यावरचे, मूळचे राजापूरचे, सरकारी शाळेत मराठी शिकवतात आणि बाकीच्या वेळात आमचं मराठी सुधारतात) पार्ल्याच्या बहिणीकडे जाणार होते, कोहळ्यासकट. नवनाथला काहीच काम नव्हतं. त्याला विमान जवळून बघायचं होतं. कोणाला नाही म्हणू? ज्या बाईच्या संडासात मी रोज जातो तिला? मग म्हटलं, जाऊ दे, सगळे मुंबईत उतरतील, येताना गाडी प्रायव्हेटच राहील. कोहळा आणि मास्तरांचं गाठोडं एकेका सीटवर बसवलं, तरी एक सीट उरली. ती रिकामी जाताना बघवेना, म्हणून मी बसलो. पोरीने येऊ नका म्हटलं होतं. पण मी गेलो नाही, दाजी, मला सीटने नेलं.

पुढचं ऐका. दवाखाना रविवारी बंद. (हे सिल्वासात कोणाच्या डोक्यात आलं नाही. मास्तरांच्याही नाही, आणि ते घरातून निघताना आम्हाला आठवड्याच्या वारांची व्युत्पत्ती सांगत होते.) मास्तरांच्या बहिणीच्या दाराला कुलूप, नाताळची सुट्टी म्हणून सगळे गोव्याला. झालं! गाडी जशी भरून गेली तशीच्या तशी, कोहळ्यासकट, विमानतळावर उभी. रूपालीने सांगितलं होतं की ड्रायव्हरच्या हातात नावाची पाटी हवी. पाटी मास्तरांनी लिहिली होती. अक्षर मोत्याचं, पण मजकूर असा: "चिरंजीव चेतनराव व सौभाग्यवती रूपाली यांचे मातृभूमीत सहर्ष स्वागत." धरायला दोन माणसं लागली. आजूबाजूचे ड्रायव्हर आपल्या छोट्या पाट्या खाली करून आमची वाचत होते. जावई बाहेर आले आणि सरळ पुढे निघून गेले. त्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. पोरीने मात्र वाचली. दाजी, मला वाटलं आता ही चिडणार. ती एकदा पाटीकडे बघते, एकदा माझ्याकडे, मग केसरबाईंकडे, नवनाथकडे, कोहळ्याकडे. म्हणाली, "पप्पा, मी प्रायव्हेट म्हटलं होतं ना?" मी म्हटलं, सगळी घरचीच माणसं आहेत. दुसरं काय बोलणार! जावयांनी मात्र पुस्तकातल्यासारखं "नमस्कार, आपण कसे आहात?" असं एकेकाला विचारलं. संजूलाही. तो लाजला.

इतक्यात केसरबाईंनी पदराखालून भाकरीचा तुकडा काढला आणि दोघांवरून ओवाळून, अर्धा-अर्धा मोडून, भर विमानतळावर, दोन दिशांना भिरकावला. पहिला जावई येतोय, पोर दुसऱ्या देशातून येतेय, बाईंनी घरून आठवणीने तुकडा बांधून आणलेला. एक तुकडा कोणाच्या तरी ट्रॉलीवर, दुसरा शिपायाच्या बुटापाशी. शिपाई म्हणाला, उचला. बाई म्हणाल्या, नजरेचा आहे, उचलत नसतात. तो म्हणाला, उचला नाहीतर साहेबांना बोलावतो. मास्तर त्याला हिंदीत परंपरा समजावून सांगायला लागले (त्यामुळे साहेब जास्तच लवकर आले). शेवटी बिचाऱ्या बाईंनी दोन्ही तुकडे वेचले. आणि गाडीत बसल्या त्या रडतच. तुम्ही जाणताच, उतरून टाकलेलं परत उचललं की गेलेली नजर परत येऊन बसते.   जावई मागच्या सीटवर कोहळा मांडीवर घेऊन बसलेले, आणि तोही किती आदराने!

तलासरीच्या पुढे केसरबाईंनी डोळे पुसले आणि रूपालीला सांगून टाकलं की, माय, हे आता असं सोडता यायचं नाही. आता परत ओवाळायचं, आणि ते घराच्या उंबऱ्यावरच. "हाटेलले उंबरा राहस का व?" पोर म्हणाली, केसरमावशी, आम्ही थकलोय, उद्या येऊ ना घरी. बाई म्हणाल्या, तुले पायावर न्हाऊ घातली ती मीच ना? दोन पोरांवर माझ्या हाताने नजर बसली, मी रात्री झोपू कशी? मी खिडकीबाहेर बघत होतो, दाजी. माझ्या मनात जे होतं ते मी महिनाभर बोललो नाही आणि ही बाई एका भाकरीच्या तुकड्यावर बोलून गेली.  मग पोरच संजूला म्हणाली, आधी टोकरखाड्याला घ्या, पाच मिनिटं थांबू, मग हॉटेल. संजू म्हणाला, "चालसे."

दुर्गा हॉटेलात पोचवायचा डबा घेऊन खालीच उभी होती. गाडी दारात बघून तिच्या हातातला डबा तिथेच राहिला आणि ती वर पळाली, भाकरी आणि पाणी आणायला. उंबऱ्यावर ओवाळलं. डोळ्यांना पाणी लावलं. या वेळी तुकडे कोणी उचलले नाहीत. जावई आत आले, आणि एवढ्या प्रवासानंतर माणसाला जे लागतं ते त्यांनी हळूच रूपालीला विचारलं. मी आणि दुर्गा दोघं एकदमच धावलो. प्लास्टिक मी माझ्या हाताने फाडलं. मग ते जेवले, भरीत आणि कळण्याची भाकरी, घाम पुसत पुसत, आणि गादीवर जरा टेकतो म्हणाले ते टेकलेच. इकडे संजूने मास्तरांचं गाठोडं काढायला टपावरच्या सगळ्या बॅगा उतरवल्या आणि त्याला दुसरं भाडं होतं म्हणून तो गेलासुद्धा. पोर आईच्या शेजारी आडवी झाली. पाच मिनिटांचे आज तीन दिवस झाले.

हॉटेलची खोली आधीच घेतलेली होती, ती परत होत नव्हती. मला ती रिकामी पडलेली बघवेना. सध्या तिथे रमाकांत मास्तर आहेत. थंड हवेत सहामाहीचे पेपर तपासतात आणि सकाळचा नाश्ता कोणाला पुरा खाऊन होत नाही अशी तक्रार करतात.

मग खचलास कशाने, असं तुम्ही विचाराल. काही नाही. थंडीचे दिवस आहेत, वय झालं, असतं असं. अक्काला नमस्कार, लहानथोरांना आशीर्वाद, आणि माझं काही लिहायचं चुकलं असेल तर ते मास्तर शेजारी नव्हते म्हणून असं समजावं.

तुमचा,
सुकदेव

ता. क. केसरबाईंकडे सकाळी जाणं आम्ही बंद केलं. त्यांना जरा चुकल्यासारखं वाटतंय असं दिसतं.

ता. क. शुक्रवारी सकाळी ते परत निघतात. संजूचीच गाडी सांगितलीय. दुर्गा येत नाही म्हणते. जे रडायचं ते दारातच रडेन म्हणते. या वेळी मी कॉलनीत अवाक्षर काढलेलं नाही. शपथ. जाताना गाडी भरलेली असेल, त्यांच्या बॅगा, पापड, लोणचं, मी. येताना काय ते तुम्हाला कळलंच असेल. दाजी, एवढ्या वर्षांत मी कधी काही रिकामं परत आणलं नाही. विमानतळापासून सिल्वासापर्यंत त्या सीटा बघत मला एकट्याने येववणार नाही. गुरुवारच्या गाडीने वापीला उतरा, मी न्यायला येतो. खिडकीची सीट तुमची. गुडघा पसरायला जागा भरपूर असेल.