दाजींना नाही म्हटलं

मंगळवार, संध्याकाळ. पूर्णा.

ताईचा नवरा, जिंतूरचा एवढा नावाजलेला मिस्त्री, आणि मी त्यांना स्वयंपाकघरातून परत पाठवलं.

ओटा वाढवायला दाजी मधली भिंत पाडणार होते. आम्ही बोलावलेल्या इंजिनिअर बाई कालच वर गच्चीवर जाऊन बघून आल्या. म्हणाल्या, स्लॅबचा भार या भिंतीवरच आहे. दाजी वर गेलेसुद्धा नाहीत. हसले. "अशा लय भिंती पाडल्यात मी." घण उचलला, तशी मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

"न्हाई दाजी. काम बाई सांगतील तसंच होईल."

पाणीसुद्धा न पिता गेले. घरचा माणूस सोडून परकी बाई निवडली, असंच म्हणतील ना सगळे? एका भिंतीपायी नातं तोडलं का मी?

आत्ता ताईचा फोन आला. वाटलं, भांडणार. ती हळूच म्हणाली, "बरं केलंस. आमच्या घरची भिंत त्यांनीच पाडली. आता छताची भेग वाढायलीय. त्यांना सांगितलं तर ऐकत न्हाईत."

त्याच छताखाली लेकरं झोपतात. म्हटलं, "ताई, लेकरांना घेऊन आत्ताच इकडे निघ."

निघालीय. मी तांदूळ धुवायला घेतले.