लुर्दीनआंटीचा हात

सोमवार, कारापूर. फॅक्टरीतून आल्यावर.

घरमालकीण लुर्दीनआंटी रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून माळ जपते. प्रार्थना संपली की धाकट्यांनी थोरांचा आशीर्वाद घ्यायचा, ही त्यांच्या घरची रीत. मुलगा जहाजावर असतो, तरी ती त्याच्या रिकाम्या खुर्चीवर हात धरते. लसूण सोलून नुसता झग्याला पुसलेला हात.

आठवडाभर त्याचा फोन नाही. मला वाटलं, आज कसली प्रार्थना! मी तर दमले की दिवासुद्धा लावत नाही. तिनं गॅस बंद केला आणि ती माळ घेऊन बसली. "मन आसूं ना आसूं, तो वाट पळयता गो." तो म्हणजे देव, तो वाट बघतोय. पण घरातलं कुणी जेवायला थांबलंय अशा सुरात.

शेवटी हात खुर्चीवर गेला आणि तिथंच थांबला. मला काय झालं कोण जाणे, जाऊन खुर्चीत बसले. आगाऊपणा झाला का? पण तिनं हात काढला नाही, डोक्यावर टेकवला. "देव तुका बरें करूं."

कोल्हापूर सोडल्यापासून डोक्यावर कुणाचा हात नव्हता. तिचा देव मला माहीत नाही. पण त्याच्याही हाताला लसणीचाच वास येत असणार.