आभाराचा नारळ

आंजर्ले, चैत्र वद्य तृतीया, शके १८५४

चिरंजीव बाळा यास,

दादाचे पोटभर आशीर्वाद. तुझी, सौ. कमळेची आणि तुझ्या दम्याची प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळवावे. माझा रघू तुझ्या खोलीवर राहून वेळेवर जेवतो नि वेळेवर कामावर जातो, हे ऐकून मुंबईबद्दलचे माझे मत थोडे सुधारले आहे. इकडे गाय व्याली, माड बरे आहेत, तुझी वहिनी ठणठणीत आहे. आणि मी रागावणे सोडले आहे. (हसू नकोस. कमळेला वाचून दाखवत असशील तर तिलाही हसू देऊ नकोस.)

झाले असे, की रामनवमीच्या कीर्तनात बुवांनी सांगितले, माणसाने रोज सकाळी देवापुढे हात जोडावे आणि मग ज्याच्यामुळे आपण माणसात आलो अशा एकाच्या घरी नारळ घेऊन जावे, त्याचे उपकार तोंडाने बोलून दाखवावे. तिथे स्वतःचे तुणतुणे वाजवू नये, देतील ते खावे, म्हणतील ते ऐकावे, रागावू नये, धीर सोडू नये. मी म्हटले, हे आपल्याच्याने होणे नाही. पण तुझी वहिनी दुसऱ्या दिवशी पहाटेच नारळ सोलून बसली. (नवऱ्याच्या परमार्थाची एवढी घाई मी दुसऱ्या कुठल्या बायकोत पाहिली नाही.)

आधी गेलो मुरुडला, आपल्या जुन्या पंतोजींकडे. म्हातारा नव्वदीला टेकलेला, नजर गेलेली, पण कान शाबूत. पायांवर डोके ठेवून म्हटले, तुमच्या छडीने मला अक्षर आले. त्यांनी आवाजावरून मला ओळखले आणि म्हणाले, औटकी म्हण. बाळा, मी पन्नाशी उलटलेला, पडवीत त्यांच्या नातसुना उभ्या, आणि मी हात बांधून साडेतिनाचा पाढा म्हणतोय! मध्येच अडखळलो. पंतोजींनी चाचपडत माझा कान शोधला आणि असा पिळला की डोळ्यांत पाणी आले. पूर्वीचा मी असतो तर... पण नाही. कान सोडवून घेतला, त्याबद्दलही आभार मानले आणि घरी येईपर्यंत तो चोळत आलो. पण खरे सांगतो, जीव हलका झाला. त्या माणसाने हात धरून गिरवून घेतले नसते तर हे पत्र मला दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावे लागले असते.

मग पाळी आली सखाराम तांडेलाची. तू लहान होतास तेव्हा खाडीच्या तोंडाशी आपले गलबत कलंडले आणि ह्याच सखारामाने मला केसांना धरून वर काढले. (केस पुढे गेले, उपकार राहिला.) तुझ्या वहिनीने पागोटे झटकून दिले, कोट घालायला लावला नि भरलेली पिशवी हातात दिली. मी आत पाहिले नाही. सखारामाच्या बायकोने, हौसाने, ती रिकामी केली तर नारळ, साखर आणि जरीचा हिरवा खण! हौसा लगबगीने आत गेली. थोड्या वेळाने त्यांची राही पोहे घेऊन आली, पदर सावरून, मान खाली घालून. मला वाटले, काय ह्या घराचे वळण! पोहे तर असे, की मी पुन्हा मागून घेतले. आणि मग बोललो. म्हटले, सखाराम, तुझ्या घराचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत, तू आता म्हणशील ते मला मान्य. सखारामाने डोळे पुसले. "मंग आमची राही आजपासून तुमची," म्हणाला. मी म्हटले, अरे, ती आमचीच आहे! आणि नारळ राहीच्या हातात ठेवला, कारण तो कोणाला तरी द्यायचा होता आणि ती समोर उभी होती.

बघता बघता वाडीतल्या बायका हळदकुंकू घेऊन जमल्या, माझ्या तोंडात साखर कोंबली गेली, आणि एकीने विचारले, नवरामुलगा हर्णैला बोटीतून कधी उतरतो? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ओरडणारच होतो. पण सखाराम अंगणात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत होता आणि असा हसत होता, की मला शब्द मागे घेववेना. रघूला यातले काहीएक ठाऊक नाही. तो नाही म्हणाला तर पोरीचे नाव गावभर बदनाम होईल, आणि ज्याने मला जिवंत बाहेर काढले त्याला मी तोंड कसे दाखवू? कड्यावरच्या गणपतीवर भार टाकून बसलो आहे. बुवा म्हणाले, धीर धरा. बुवांचे काय जाते, ते कीर्तन आटोपून पुढच्या गावी गेले!

तुझा न रागावणारा दादा,
हरिश्चंद्र

ता. क. रघूला तू सांग. जेवण झाल्यावर, पान हातात देऊन. तो भडकला तर माझ्यावर गेला आहे असे समजून ऐकून घे. हो म्हणाला तर बोटी बंद व्हायच्या आत त्याला घेऊन ये. पोह्यांचे मात्र अवश्य सांग.

बाळा भावजींस गोदूचा नमस्कार. पत्र शितांनी चिकटवायला माझ्याकडे दिले, म्हणून ह्या माझ्या वाकड्या ओळी. रघूला पान वगैरे देत बसू नका. शिमग्याला आला होता तेव्हा त्यानेच मला राहीचे सांगितले, पोरही राजी आहे. ह्यांना सरळ विचारले असते तर आधी नाही म्हणाले असते आणि मग त्या नाहीला वर्षभर धरून बसले असते. म्हणून हौसाचे नि माझे विहिरीवर ठरले. खण मीच घातला. सखारामभावजींनाही ठाऊक नाही, ते खरेच रडले. ह्यांना काही कळवू नका. उद्या सकाळी पागोटे घालून माझे आभार मानणार आहेत म्हणे. मानू देत, मी ओट्यावर पाट मांडून बसणार आहे.