पिवळ्या लेन्सबद्दल, आणि माझ्या बाकीच्या वस्तूंबद्दल

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, रसायनशास्त्राची पदवीधर, फोटोंची रंगीत छपाई करणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. राग आहे. वकीलबाईंनी हे शेवटचे वाक्य गाळायला सांगितले. मी ठेवले आहे.

१. स्टुडिओच्या वरची माझी खोली आणि बँकेतली ठेव टचिंगच्या बाईंना द्यावी. बारीक ब्रशने लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग झाकत त्या वर्षानुवर्षे माझ्या शेजारी बसल्या. माझी बाजू घेऊन बोलल्या त्या एकट्याच. पलंग कुरकुरतो, हे त्यांना सांगून ठेवते.

२. एन्लार्जर, ट्रे, चिमटे ज्याला खरोखर छपाई करायची आहे त्याला द्यावेत. कपाटात शोभेला मांडणाऱ्याला देऊ नयेत.

३. चुलतबहिणीने नेलेली शिलाई मशीन तिच्याकडेच राहू दे. "परत करते" असे ती एकोणीस वर्षे म्हणते आहे. आता म्हणायचे थांबवावे.

४. स्टुडिओची जागा वडिलांनी मी आणि धाकटा भाऊ अशा दोघांच्या नावे केली. माझ्या अर्ध्या हिश्शाचे सांगण्याआधी काय घडले ते लिहिणे भाग आहे.

भाऊ फोटो काढायचा, मी छापायचे. कॅमेऱ्याला वडिलांची जुनी लेन्स होती. तिच्या काचेत एक किरणोत्सर्गी द्रव्य असते. त्याने ती हळूहळू पिवळी पडत जाते. रोज पाहणाऱ्याला कळतही नाही. फोटो पिवळट येऊ लागले तसतसा मी छपाईत पिवळेपणा कापणाऱ्या फिल्टरचा आकडा वाढवत गेले. एकाही गिऱ्हाइकाच्या हातात पिवळा फोटो गेला नाही.

मग एका लग्नाला भावाने नवी, स्वच्छ लेन्स लावली आणि मला सांगितले नाही. नेहमीच्या आकड्यावर मी पहिला प्रिंट काढला. नवरी निळी. तो मी त्याच्या नाकासमोर धरला.

"हा निळा आलाय."

"ताई, तुझे डोळे गेलेत. आकड्याला हात लावू नकोस, संध्याकाळी अल्बम द्यायचाय."

मी ऐकले. या प्रकरणात माझी चूक तेवढीच.

दुसऱ्या दिवशी नवरीची आई काउंटरवर अल्बम आपटून ओरडली, "माझी मुलगी काय बुडून मेलीय?" तेव्हा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "माझ्या बहिणीला आता रंग दिसत नाहीत हो. आम्ही सांभाळून घेतो." त्याच आठवड्यात छपाईच्या खोलीला नवे कुलूप लागले. मी एकोणपन्नास वर्षांची होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगांची तपासणी केली, एकही चूक निघाली नाही. तो कागद भावाने न वाचता खिशात घातला. तेव्हापासून मी काउंटरवर पाकिटे देते.

जुनी लेन्स मी तेव्हाच कपाटातून काढून पांढऱ्या कागदावर धरली. कागद कोऱ्या चहासारखा दिसला. काळ्या कापडात गुंडाळून ती मी बिस्किटांच्या डब्यात ठेवली. चोरी म्हणायची असेल तर म्हणा.

गेल्या महिन्यात भाऊ वर आला. "ताई, ती लेन्स दे ना. वडिलांची आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवतो. काही आठवडे उन्हात ठेवली की निवळते."

"म्हणजे पिवळी होती हे तुला माहीत होतं?"

"तेव्हाच कळलं होतं गं. पण गिऱ्हाइकासमोर काय सांगणार होतो?"

बावीस वर्षे.

५. म्हणून, माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत, दिवसाउजेडी, काउंटरवर गिऱ्हाइके असताना, वकीलबाईंनी डबा उघडून लेन्स पांढऱ्या कागदावर धरावी. भावाने मोठ्याने दोन वाक्ये म्हणावीत: लेन्स पिवळी आहे. बहिणीचे डोळे चांगले होते. म्हटली तर माझा हिस्सा त्याचा. पुटपुटल्यास धरू नये. न म्हटल्यास हिस्सा टचिंगच्या बाईंचा. तोपर्यंत डब्याला ऊन लागू देऊ नये.

नंतर लेन्स खिडकीत ठेवावी. निवळू दे.

साक्षीदार, दोघेही समक्ष हजर: डोळ्यांचे डॉक्टर, समोरचे फ्रेमवाले ("ताई, फार कडक लिहिलंय" म्हणाले, मग सही केली).

स्थळ: स्टुडिओवरची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: चौदा मार्च, सकाळी अकरा.

सही निळ्या शाईत केली आहे. ती निळी आहे, हे दोन्ही साक्षीदारांनी पाहिले.