भावोजींच्या पँटची शिवण

३ मार्च

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

सोबत तुझ्या भावोजींच्या दोन पँटी पाठवते आहे. दोन्ही मागून उसवल्या. गेल्या महिन्यात कोटाचं अस्तर आणि उशीचे अभ्रे तूच शिवून दिलेस, म्हणून म्हटलं, घरचा शिंपी असताना बाहेर कशाला जा.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाईंनी आपल्याला फोन बंद करून पत्रं लिहायला लावली ते बरंच झालं. फोनवर तू आणि मी एकदमच बोलायचो आणि शेवटी दोघंही रडायचो. भावाची उलटतपासणी घ्यायची नाही, असंही बाईंनी बजावलंय. म्हणून मी काहीच विचारत नाही. दुकान वेळेवर उघडतोस का, संध्याकाळी कुठे जातोस, कुणाबरोबर जातोस, यातलं एक अक्षरही विचारलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

लोभ आहेच, तो तुझ्या पोटासारखाच वाढत राहो.

तुझी ताई

१० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पँटी शिवून पाठवल्या आहेत. आता जरा बस आणि पाणी पी.

ताई, बसून उसवलेली शिवण ताणली जाते, दोरे लोंबतात. ही ब्लेडने कापलेली आहे, तीही वरपासून खालपर्यंत नीट. अस्तराचं तेच, अभ्र्यांचं तेच. मी पीत होतो तेव्हा एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या, हे तुला पाठ आहे. म्हणून आता माझी शिवण सरळ येते की वाकडी, हे तू भिंगातून बघत असणार. शिवाय शेजारच्या चावीवाल्याला फोन करून माझं दुकान उघडं आहे का विचारणारी बाई अगदी तुझ्यासारखीच खोकते म्हणे.

हसू आलं, पण वाईट जास्त वाटलं. मी दारू सोडली आणि तू माझ्यावर पाळत ठेवायला लागलीस. यापुढे कापलेले कपडे घेणार नाही, आणि चावीवाल्यालाही त्रास द्यायचा नाही. भीती वाटली तर मला सरळ विचार, प्यायलास का म्हणून. मी खरं तेच सांगेन. मात्र उत्तर काहीही आलं तरी मी बोलावल्याशिवाय पिशवी भरून धावत यायचं नाही. माझं व्यसन मी सांभाळतो, तुझी काळजी तू सांभाळ.

एवढं बोललो म्हणून माया पातळ करू नकोस.

तुझा ढब्बू

१७ मार्च

चि. ढब्बूस आशीर्वाद. या वेळी अनेक नाहीत.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. आईच्या माघारी मी तुला वाढवलं आणि तू मला नियम शिकवतोस. पँटी शिलाई जुनी झाल्यामुळे आपोआप... हे वाक्य तीनदा लिहून पाहिलं, जमलं नाही. मीच कापल्या. भिंगही आहे. भावोजींचं, पेपर वाचायचं.

ते पत्र भावोजींच्या हाती लागलं. बिचारे आठवडाभर एकुलत्या एका पँटवर ऑफिसला जात होते, आणि वजन वाढल्यामुळेच शिवणी जातात असं मी त्यांना पटवलं होतं. त्यांनी चहातली साखरसुद्धा सोडली होती. आता ते माझ्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलतात.

ठीक आहे, विचारते. सकाळी लिहायला बसले होते, आता दुपार झाली. ढब्बू, प्यायलास का?

तुझ्यावर रागावलेली आणि उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

२४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

नाही प्यायलो.

पण खरं सांगायचं ठरलंय, तर पुढचंही सांगतो. शनिवारी एक जुनं गिऱ्हाईक सूट न्यायला आलं आणि खूश होऊन बाटली ठेवून गेलं. मी सोडल्याचं त्याला माहीत नव्हतं. मी ती टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकली, आणि मग दिवसभर मला नेमकी त्याच ड्रॉवरमधली कात्री लागायला लागली. शेवटी आमच्या व्यसनमुक्तीच्या गटातल्या एका निवृत्त बस ड्रायव्हरला फोन केला. त्यांनी येऊन बाटली बेसिनमध्ये ओतली आणि दुकान बंद होईपर्यंत माझी बिस्किटं खात बसले. उपदेश एका शब्दानेही केला नाही.

तुला बोलावलं नाही, कारण तू आली असतीस तर मला आधी तुलाच सावरावं लागलं असतं. रागावू नकोस. आणि हातातली पिशवी खाली ठेव.

तुझा ढब्बू

२८ मार्च

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

पिशवी भरली होती, चपलाही घातल्या होत्या. भावोजी दारात आडवे उभे राहिले आणि तुझं ते दहा तारखेचं, नियमांचं पत्र त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी पिशवी रिकामी केली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी केली.

ड्रॉवरचं वाचून भीती वाटली. मला बोलावलं नाहीस याचंही वाईट वाटलं, तेही सांगून टाकते. पण पूर्वी फोनवर तू सगळं ठीक आहे असं म्हणायचास, तेव्हा माझा एका शब्दावर विश्वास बसायचा नाही. या वेळी बसला. मी येत नाही. त्या ड्रायव्हरांना माझ्यातर्फे बिस्किटांचा मोठा पुडा दे.

माया होती तेवढीच आहे, चौकशी तेवढी कमी करते आहे.

तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

काही झालेलं नाही. मी प्यायलेलो नाही, दुकान व्यवस्थित चालू आहे आणि घाबरायचं कारण नाही.

रविवारी मला सुट्टी असते. एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय. ताई, ये.

तुझा ढब्बू